चहाला नको म्हननारे अण्णा

अण्णांच्या उजव्या पायात चप्पल असायची, डाव्या पायात नसायची. नव्या मानसानं त्यांना बघितलं की तो हळूच मागं वळून रस्त्यावर बघायचा, म्हाताऱ्याची एक चप्पल कुटं पडली काय म्हनून. मी पन बघितलं हुतं. मी तर हुडकून पन दिली. गटाराच्या कडंला डाव्या पायाची एक चप्पल पडलेली दिसली, ती उचलली आन सायकलीमागं पळत गेलो, अण्णा, तुमची चप्पल. त्यांनी चप्पल बघितली, मला बघितलं, आनि इचारलं, "बायकांची घालतो व्हय मी?" तवा कुटं मला दिसलं की तिच्या पट्ट्यावर फूल हाय.

ही आमची वळख. त्याच्याफुडं जे काय झालं, त्यात पन मी असाच काय तरी भलतं उचलून पळत आलेलो हाय.

अण्णा पानीखात्यात चावीवाले हुते. आमच्या गावात पानी रोज येत न्हाय, चार-पाच दिसांनी येतं, आनि येतं तवा सगळीकडं सारकं येत न्हाय. रस्त्यात पानी सोडायचा-बंद करायचा एक मोठा मेन वॉल, आनि त्याच्याफुडं गल्लोगल्ली बारके वॉल, जमिनीत, लोखंडी झाकनाखाली. अण्णा सायकलीला लांबलचक लोखंडी चावी बांधून यायचे. चावी जुन्या चादरीच्या फडक्यात गुंडाळलेली, लेकराला दुपट्यात घालत्यात तशी. झाकन उघडायचं, चावी आत सोडायची आन मुठीला कान लावून उभं ऱ्हायचं. खाली पाईपातलं पानी काय म्हनतंय ते ऐकायचे. त्या टायमाला कोन बोललेलं चालायचं न्हाय. एकदा वरात चाललेली, तर ह्यांनी हात वर करून बँड थांबवला. नवरदेव घोड्यावर, घोडं पन गप. अण्णांचं ऐकून झालं, मग म्हनाले, हां, वाजवा.

डावा पाय उघडा कशासाठी, तर गळती हुडकायला. उन्हाळ्यात आमच्याकडं डांबर असं तापतं की कुत्रं पन रस्ता वलांडायच्या आधी इचार करतं. त्यात जितं तळव्याला गार लागलं, तितं खाली पाईप गळतोय. अण्णा तितं खडूनं गोल काढायचे आन फुडं जायचे. मी एकदा म्हनलं, अण्णा, मग दोनी पाय उघडे ठेवा की, दुप्पट काम हुईल. म्हनाले, "एक पाय नोकरीचा. दुसरा माजा हाय."

आता माजं सांगतो, लई न्हाय. मी करमाळ्याकडचा, मेंढरामागनं आलेला मानूस. शाळेत दोन वर्सं गेलो, दोनी वर्सं पैलीत. तिसऱ्या वर्साला मास्तरच घरी आले आन म्हनाले, तिकडं मेंढरं वाट बघत असतील. आता तीनचाकी टेंपो चालवतो, टावेलाचे गठ्ठे उचलून चिंचोळी एमआयडीसीत टाकतो. बायको टावेल रंगवायच्या कारखान्यात कामाला. घरात शानं कोन, ते सांगायची गरज न्हाय.

आमची गल्ली चढावर, एकदम शेवटाला. खालच्या गल्लीला पानी आपसूक जातं, म्हनून अण्णांनी तिचा वॉल दोनच फेरे उघडा ठेवलेला. मधल्या गल्ल्यांना पाच, सहा. आमच्या गल्लीला अकरा. म्हंजी मेन उघडला की ज्याला त्याला थोडंफार सारकं मिळायचं. हे सगळं मोजमाप अण्णांच्या डोक्यात, कुटं कागदावर न्हाय. साहेबांनी कदी मागितलं न्हाय आन ह्यांनी कदी दिलं न्हाय.

त्यांना मानसांची नावं ध्यानात ऱ्हायची न्हाईत, फेऱ्यावरनं हाक मारायचे. खालच्या गल्लीत एक बंगलेवाले मालक, दारात दोन गाड्या, त्यांना म्हनायचे, "ए दोन, गाडी झाकनावर लावू नको." मालकाचं तोंड बघन्यासारखं व्हायचं. मी अकरा. जन्मात कुटल्या परीक्षेत मला दोन आकडी मिळालं नव्हतं, ते अण्णांनी दिलं. फेरे मात्र तेलगूत मोजायचे. ओकटी, रेंडू, मूडू असं पुटपुटत, मधी थांबत, कान लावत. आमच्या गल्लीतली बारकी पोरं अंक आधी तेलगूत शिकली, मग मराठीत.

आनि चहा. अण्णा कुनाच्याबी घरचा चहा घ्यायचे न्हाईत. सायकलीला बाटली टांगलेली, त्यात घरनं आनलेला कोरा चहा, गार, बिनसाखरेचा. झाडाखाली बसून तेवडाच प्यायचे. लोकं म्हनायची शुगर हाय, कोन म्हनायचं जातीचं काय तरी हाय, कोन म्हनायचं माजोरडा हाय. माज्या बायकोनं तीनदा कप फुडं केला, तीनदा नको म्हनाले. चौथ्यांदा तिनं तोंडावरच इचारलं, आमच्या चहाला काय वास येतो का. तवा म्हनाले, "न्हाय गं माय. ज्याच्या घरचा चहा पोटात गेला, त्याच्या वॉलला अर्धा फेरा जास्त जातो. मी देत न्हाय, हात देतो. आता हाताला कोन सांगनार?"

बायकोला पटलं. मला पन पटलं असतं, पन मेव्हनीच्या लग्नात, मांडव आमच्याच गल्लीत हुता, मी अर्धा तास पानी जास्त मागितलं, तर हा मानूस घड्याळ बघून चावी काढून घेऊन गेला. टँकर आनावा लागला. मांडवात सासऱ्यानं मला इचारलं, गावात तुमची लई वळख हाय म्हनत हुता ना जावई? ते माज्या पोटात बसलं.

मग भाऊंचं राज्य आलं. रोज पानी आनि फुकट पानी, ह्याच्यावर भाऊ निवडून आले. मी प्रचारात टेंपो दिला, स्वता भोंगा धरला. भाऊंचा दर ऐतवारी दरबार भरायचा, मोठा मंडप, माईक. लोकांनी उठून तक्रार सांगायची, भाऊंनी तितंच साहेबाला फोन लावायचा, स्पीकरवर, सगळ्यांफुडं. "साहेब, ह्या माऊलीचं काम हितल्या हितं झालं पायजे." तिकडनं साहेब म्हनायचा, व्हय भाऊ. त्या फोनला दुसरं बटनच नव्हतं. मी पैल्या वळीत. टाळी नेमकी कुटं वाजवायची हे मला कळायचं न्हाय, म्हनून मी सगळीकडं वाजवायचो.

पैल्या दरबारात पानीपट्टी माफ. टाळ्या. दुसऱ्यात भाऊ म्हनाले, कारखान्यांचं पानी कमी करून जनतेला देतो. मी उभं ऱ्हाऊन टाळ्या वाजवल्या, शिट्टी पन मारली. शेजारी बायको उबी. तिच्या कारखान्यात हौद भरल्याबिगर रंगाचं काम सुरूच होत न्हाय. फुडच्या आटवड्यापासनं तीन दिस काम, चार दिस घरी. ती मला एवडंच म्हनाली, "तू टाळ्या वाजवत हुतास ना, तवा माजे चार दिस गेले." माजं पन गेलं की. टावेल रंगलाच न्हाय तर गठ्ठा कशाचा आन टेंपो कशाला. पन शिट्टी मारलेली, ती काय परत घेता येत न्हाय.

तिसऱ्या दरबारात मी माईक घेतला.

बोलायचं काय, ते ठरवलेलं नव्हतं. भाऊंनी इचारलं, बोल, काय त्रास हाय? मला लग्नातला टँकर आठवला. मी म्हनलं, भाऊ, आमचा चावीवाला गरिबाच्या घरचा चहा पीत न्हाय. मंडप एकदम गार. मला आवडलं ते. मी फुडं म्हनलं, माज्या बायकोनं चारदा दिला, चारदा नको म्हनला. गरिबाचा कप ह्याला चालत न्हाय, मग गरिबाचा वॉल कसा चालंल? लोकं अशी वराडली की मलाच वाटलं मी काय तरी मोठं बोललो. बायको नव्हती त्या दिवशी, न्हायतर तितंच मिटलं असतं.

भाऊंनी फोन लावला. साहेब म्हनाला, व्हय भाऊ. अण्णांना हापिसात खुर्चीवर बसवा, आजपासनं चावी जनतेच्या हातात. मग भाऊंनी मला वर बोलावलं, गळ्यात हार घातला, अंगात टी-शर्ट. त्याच्यावर छातीला 'जलमित्र' आनि पाठीवर भाऊंचा फोटो. शर्ट बारका हुता, भाऊंचं तोंड पाठीवर रुंद झालं.

अण्णा मंडपाच्या कडंला उभे हुते, एक चप्पल घालून. चावी घेऊन आले. फडकं सोडलं, चावी माज्या हातात दिली, फडकं पन दिलं. चिडलेले दिसत नव्हते. म्हनाले, "सावकाश फिरव. काय इचारायचं असलं तर इचार, अकरा."

मी म्हनलं, "त्यात काय इचारायचं, अण्णा. चावी तर फिरवायची."

आता माज्या राज्याचं सांगतो. चावी हातात आली की मला पैल्यांदा कळलं, गावात आपल्याला किती मानसं वळखत्यात. दोन फेरेवाल्या मालकानं घरात बोलावून सोफ्यावर बसवलं, चहा, वर बिस्कीट. मी म्हनलं, मालक, दोन फेरे म्हंजी लई अन्याव हाय, आन आठ केले. मधल्या गल्लीत भजी खाल्ली, तिला दहा. एका घरी शेंगाचटनी आन भाकरी, त्यांना फुल्ल. सकाळी घरनं निघालो की अकरा कप हुईस्तोवर मी परत यायचो न्हाय. सगळ्यांना जास्त दिलं. कुनाला नको म्हनलं न्हाय. पंधरा दिसात माज्याइतका चांगला मानूस त्या भागात दुसरा नव्हता.

एक दिस मेन वॉल बंद करताना एका हातात मोबाईल धरला, व्हिडिओ काढायला, आन दुसऱ्या हातानं चावी गरागरा फिरवली. अण्णा ह्याच वॉलला पाव तास लावायचे, मी म्हनायचो म्हातारा कामचुकार. पानी धावत येतं आन फुडं दार एकदम लागलं की ते मागं धडकतं, हे मला काय ठावं. चौकात पाईप फुटला. दुसऱ्या माळ्यापतोर कारंजं. लोकांना वाटलं भाऊंनी चौकाचं सुशोभीकरन केलं. भाऊंचा मानूस आला, फोटो काढला, आन मला इचारतो, ह्याच्यात लाईट सोडता येईल का. दुरुस्तीला सामान मागायला गेलो, तर हापिसातला कारकून म्हनाला, पानीपट्टी माफ हाय, मग सामान कशातनं आनू, तुज्या हारातनं? पाईपाला आमी टायरची ट्यूब गुंडाळली. अजून तीच हाय.

आनि आमची गल्ली. म्हनलं, सगळ्यांना दिलं, आता घरच्यांना नको का. आपल्या वॉलला तीन फेरे वाढवून दिले. फुडच्या पान्याला नळाची धार करंगळीएवडी. बायका म्हनाल्या, पानी कमी आलं. मी म्हनलं, खालच्यांनी मोटारी लावल्यात, थांबा, आनखी तीन देतो. त्याच्या फुडच्या पान्याला धार दोऱ्यासारकी. आनखी तीन दिले. मग थेंब थेंब. चौथ्यांदा दोन दिले आन चावी हालंना. मी गल्लीत जाहीर केलं, आता फुल्ल उघडलाय, ह्याच्यावर उघडताच येत न्हाय. बायकांनी हंडे लावले. नळानं नुसती एकदा हवा सोडली.

बायको खालच्या गल्लीतनं डोक्यावर हंडा आनायची. जाताना माज्याकडं बघायची न्हाय, येताना बघायची. कारखान्यातनं आलेली, हाताला निळा रंग, आन तो धुवायला घरात पानी न्हाय. आमच्या गल्लीत निळ्या हातानं भाकरी थापलेल्या हायत्या, मी खाल्ल्यात.

मी दरबारात गेलो. माईक घेतला आन सांगितलं, भाऊ, आमच्या गल्लीला महिना झाला पानी न्हाय. भाऊ लई चिडले. म्हनाले, तितला चावीवाला कोन हाय? मी म्हनलं, मीच हाय भाऊ. भाऊ म्हनाले, सस्पेंड करा त्याला, आत्ताच्या आत्ता. टाळ्या पडल्या. मी पन वाजवल्या, सवयीनं.

खाली आल्यावर भाऊंचा मानूस कानात म्हनला, तूर्त दुसरा कोन न्हाय, तूच चालू ठेव, फकस्त टी-शर्ट घालू नको.

त्या दिवशी घरी आलो तर बायको उंबऱ्यात हंडा पालता घालून त्याच्यावर बसलेली. म्हनली, कुंभारीला जा. अण्णा खुर्चीवर दोन-तीन महिने बसून रिटायर झाले हुते, आन कुंभारीला कामगारांच्या घरात लेकीकडं ऱ्हायला गेले हुते. मी म्हनलं, कुटल्या तोंडानं जाऊ. ती म्हनली, "ज्या तोंडानं माईक धरला, त्याच."

गेलो. अण्णा दारात बसले हुते, नळावर हात ठेवून. दोनी पायात चप्पल. मी काय बोलायच्या आधी म्हनाले, ये अकरा. मी सगळं सांगितलं. चहाचं माईकवर बोललो ते, भज्याचं, कारंज्याचं. ते ऐकत हुते, डोळे मिटून, चावीला कान लावल्यासारके. मग इचारलं, "तुज्या वॉलला कुटल्या बाजूला फिरवलास?"

"उघडायच्या बाजूला. डाव्या."

"किती?"

"तीन. मग तीन, मग तीन. मग दोन, आन मग हालंना."

अण्णांनी डोळे उघडले. "सगळ्या गावाचे वॉल डाव्या बाजूला उघडत्यात. तुजा उजव्या बाजूला उघडतो. लई वर्सामागं असाच एक भाऊ आला हुता, त्याला दुसऱ्या दिवशी नारळ फोडायचा हुता. गोदामात जो उलटा पडला हुता तो बसवला. तू उघडत नव्हतास रा. बंद करत हुतास."

तीन, तीन, तीन आन दोन. मला हिशोब येत न्हाय, पन तेवडा आला. कुनाला आठ फेरे, कुनाला दहा, आन माज्या गल्लीवर सगळ्यात जास्त माया केली, तर माया करून करून तिचा गळा मीच आवळला.

मी म्हनलं, "मग सांगायचं न्हाय का, अण्णा?"

"म्हनलं हुतं की, इचार म्हनून."

त्यांना टेंपोत बसवून आनलं. पान्याचा दिस हुता, मेन उघडा हुता. गल्लीत शिरायच्या आधी त्यांनी सगळीकडं उतरून बारके वॉल परत चिमटीत धरले. मालकाचे आठाचे दोन केले. मालक बाहेर आला, भाऊंना फोन लावतो म्हनला. अण्णा म्हनाले, "लाव की, दोन. स्पीकरवर लाव."

मग आमची गल्ली. बायका दारात, पोरं कट्ट्यावर, बायको माज्यामागं. अण्णांनी डावी चप्पल काढली. चावी आत सोडली, उजव्या बाजूला वळवली. ओकटी. रेंडू. मूडू. मधी थांबले, कान लावला. पोरं व्हट हालवत मोजत हुती. पदकोंडूला, म्हंजी अकराला, त्यांनी हात थांबवला, आन कुटल्या तरी घरात रिकाम्या हंड्यात धार पडल्याचा आवाज आला. मग दुसऱ्या. मग सगळ्या गल्लीत. माजी बायको नळाखाली हात धरून उभी ऱ्हायली, कोपरापतोर निळं पानी वघळलं.

तवाच भाऊंचा मानूस गाडीवर आला, फोटो काढला, गेला. दोन दिसांनी गल्लीच्या तोंडाला फ्लेक्स लागला, भाऊंच्या प्रयत्नांना यश. खाली कोपऱ्यात बारकं माजं तोंड. अण्णा न्हाईत. त्यांचा डावा पाय तेवडा आलाय, कडंला.

पानी आलं त्याच दिवशी, कट्ट्यावर बसल्यावर, चावी फडक्यात गुंडाळून मी अण्णांच्या फुडं धरली. म्हनलं, अण्णा, घ्या. आमी सगळे हापिसात जातो, मी ऐतवारी माईकवर सांगतो की मी गाढव हाय, लोकांना ते लगेच पटंल. तुमी परत या. कायमचे न्हाय तर पान्याच्या दिवशी तरी या.

अण्णांनी चावी घेतली. माजा जीव भांड्यात पडला. त्यांनी फडक्याची गाठ नीट मारली आन चावी परत माज्या मांडीवर ठेवली. म्हनाले, "ध्यानात ठेव. उजव्या बाजूला."

तेवड्यात बायको चहा घेऊन आली. नव्या पान्याचा. तिला सवय हुती, नको म्हनतील, तरी कप फुडं करायचा. मी म्हनलं, अगं, ते घेत न्हाईत. मनात म्हनत हुतो, म्हना नको. एकदा नको म्हना अण्णा, म्हंजी उद्या यायचं तुमच्या मनात हाय असं धरतो.

अण्णांनी डावी चप्पल पायात घातली. हात फुडं करून कप घेतला, बशीत वतला, फुंकर मारून सगळा पिला. बशी बायकोच्या हातात दिली आन म्हनाले, "चांगला झालाय. आनखी हाय का?"